धाव, चाकोरी आणि अरुंद चाक

आपल्या भाषेत बैलगाडीच्या चाकावर बसविलेल्या लोखंडी पट्टीला 'धाव' असे म्हणतात. जी वस्तू गाडीला धावते करते तिलाच धाव हे नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मार्मिकतेचे कौतुक करावे तितके थोडेच! लोहार ही पट्टी गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, लाकडी चाकावर चढवी आणि तीवर पाणी ओती. लोखंड आकसे, आणि आरे, पुठ्ठे व तुंबा ही सारी एकमेकांस घट्ट आवळली जात. चाक आणि धाव यांचे माप एकमेकांशी जुळले पाहिजे, हा या विद्येचा पहिला धडा होय. धाव सैल राहिली तर वाटेत निखळे. फार घट्ट झाली तर आरे वाकत. आज मोटारीला टायर निवडणाऱ्या हौशी गृहस्थासही नेमका हाच धडा गिरवावा लागतो.

अलीकडे जुन्या, दांडग्या अमेरिकन मोटारींचा शोक करणारी काही मंडळी आपल्या शहरात व शहराबाहेर दिसतात. अशा मोटारींना पुढच्या बाजूस अगदी अरुंद चाके लावण्याची चाल आहे. ही चाके मुळात 'ड्रॅग' नावाच्या सरळ रेषेतील शर्यतीची. ती रस्त्यावर वापरावयाची झाल्यास त्यांवर टायर कोणते चढवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटतो. परंतु परळच्या किंवा लालबागच्या भर वस्तीतून, आषाढातल्या पावसात, जी मोटार जावयाची तिच्या टायरांचा प्रश्न हा पायी चालणाऱ्याच्याही जिवाचा प्रश्न असतो. म्हणून तो इतिहासाच्या उजेडात पाहू.

अरुंद चाक मुंबईला नवे नाही. किंबहुना या शहराचा रस्ता शतकानुशतके अरुंद चाकानेच तुडविला. बैलगाडीची लोखंडी धाव अवघ्या दोन-अडीच इंचांची असे. तेवढ्या पट्टीवर मणांमणांचे ओझे आले की ती रस्त्यात रुते, आणि एकामागून एक गाड्या त्याच रेषेने गेल्या की तेथे खोल चर पडे. त्या चरालाच आपण 'चाकोरी' म्हणतो. चाकोरी सोडणे अवघड का असते, हे ज्याने बैलगाडी हाकली त्यासच पुरते ठाऊक! मोटारींचे युग आले तेव्हा देशातील रस्त्यांची दैना पाहून १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे नामांकित विधिज्ञ मुकुंद रामराव जयकर होते. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला आणि पुढील वर्षी पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभा राहिला. चाक आणि रस्ता ही दोन्ही मिळून एकच यंत्र होय, हे तत्त्व त्या वेळी राज्यकर्त्यांस मान्य करावे लागले.

मुंबईने या कोड्याचे दुसरेही एक उत्तर शोधले होते. रस्ता टिकत नसेल तर चाकासाठी स्वतंत्र लोखंडी वाट अंथरावी, हे ते उत्तर. ९ मे १८७४ रोजी येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. दादरच्या खोदादाद सर्कलला आजही लोक 'दादर टी. टी.' म्हणतात, त्यातील ती दोन अक्षरे ट्रामच्या शेवटच्या थांब्याची खूण आहे. पण ट्रामच्या रुळांची खाच अरुंद चाकांची वैरीण ठरली. सायकलीचे चाक तीत अडकले की स्वार तोंडघशी पडे, आणि पावसात ओले रूळ साबणासारखे निसरडे होत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि ही लोखंडी चाकोरीही इतिहासजमा झाली.

दरम्यान रबराने लोखंडाची जागा घेतली होती. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण काळ अनुकूल नव्हता. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या खटपटीतून तीच कल्पना पुन्हा जन्मास आली आणि या खेपेस ती जगभर पसरली. आरंभीच्या मोटारींचे टायर तीन-चार इंचच रुंद असत. त्यांत हवा मात्र कडक भरावी लागे आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. १९२३ च्या सुमारास फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचे, फुगीर 'बलून' टायर बाजारात आणले. तेव्हापासून टायर उत्तरोत्तर रुंद होत गेले.

या कथेत मुंबईचा वाटाही लहान नाही. १९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला आणि परळच्या गिरण्यांच्या भोंग्यांइतक्या अंतरावर शेवरोलेट मोटारी उभ्या राहू लागल्या. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. फायरस्टोनचा टायरांचा कारखानाही शिवडीसच होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि १९५८ मध्ये भांडुपला सिएटचा कारखाना निघाला. मुंबईच्या कारागिराला अमेरिकन मोटारीचे अंतरंग परके नाही, ते यामुळेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण ओसाड विमानतळांवर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करून पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांची, शर्यत खेळू लागले. १९५० मध्ये सांता आना येथे अशा शर्यती नियमितपणे भरू लागल्या आणि १९५१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या खेळात वळण नाही, खड्डा नाही, पाऊस आला तर खेळच नाही. मोटार जोराने सुटली की तिचा भार मागे जातो. म्हणून मागचे टायर रुंद, मऊ व कमी हवेचे, आणि पुढचे चाक केवळ दिशा राखण्यापुरते. त्यास काम नाही, तर वजन तरी कशाला? असा हिशेब करून साडेतीन-चार इंच रुंदीची हलकी पुढची चाके प्रचारात आली. शर्यतीपुरता हा हिशेब अगदी बिनचूक आहे.

रस्त्यावर मात्र तो उलटा होतो. ब्रेक दाबला की भार पुढे धावतो. थांबण्याचे बहुतेक काम आणि वळण्याचे सारे काम पुढच्या चाकांच्या माथी येते. शर्यतीत जो सेवक आराम करीत होता, त्याच्याच खांद्यावर रस्त्यावर सारा संसार पडतो. म्हणून निवडीचा पहिला निकष रूप नव्हे, तर भारशक्ती हा होय. समजा, मोटारीचे वजन १६५० किलो आहे आणि त्यातील शेकडा ५५ भाग पुढे आहे. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर उभ्या जागी सुमारे ४५४ किलो भार आला. टायरच्या अंगावर एक भारांक छापलेला असतो. ७८ या अंकाचा अर्थ ४२५ किलो आणि ८६ चा अर्थ ५३० किलो. पहिला टायर चाकावर कितीही डौलाने शोभला तरी गाडी उभी असतानाच तो अपुरा आहे. ब्रेक लागल्यावर त्याची काय गत होईल, ते वेगळे सांगावयास नको. दुसरा, पूर्ण हवा भरली असता, कामास येईल.

दुसरा निकष आपल्या लोहाराचाच: धाव आणि चाक यांचा मेळ. साधारणपणे १६५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला साडेचार इंची रिम मानवते. साडेतीन इंची रिमवर त्याहून रुंद टायर कोंबला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, तेवढाच झिजतो, आणि वळणावर टायरचे अंग डुलू लागते. अरुंद टायर हवा तर अरुंद रिम ठीक. पण मग भारांक घसरतो. म्हणूनच रस्त्यावर वापरावयाच्या जड मोटारीस साडेतीन इंचांची रिम टाळून साडेचार इंचांची घेणे हा शहाणपणाचा मध्यममार्ग होय. हे माप आपल्या वडीलधाऱ्यांच्या मोटारींशी किती जुळते पाहा! आपल्या परिचयाच्या अम्बॅसॅडर गाडीस १५ इंची चाकावर ५.९० इंचांचा टायर असे, आणि त्यावर सारे कुटुंब बोचक्यांसह कोकणात जाऊन येई.

येथे कोणी विचारील, रुंद टायर रस्त्यास अधिक चिकटतो ना? टायर रस्त्याला जेथे टेकतो त्या जागेचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. ४५४ किलो भार आणि ३० पौंड हवा असली की ती जागा सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे लहानशा पुस्तकाच्या पानाएवढी, भरते. टायर अरुंद असला तर ते पान उभे, रुंद असला तर आडवे. पावसात उभे पानच बरे. ते पाणी कापीत जाते. म्हणजे अरुंद चाक हे काही जात्याच अपराधी नव्हे.

अपराध घडतो तो पाण्याला वाट न ठेवण्याने. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून १९६० नंतर अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक आडाखा बांधला: पाण्याच्या थरावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल, हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. गुळगुळीत टायरात ३० पौंड हवा असेल तर हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. १६ पौंड असेल तर अवघा ६७. शर्यतीसाठी मागच्या टायरातील हवा कमी करून तसेच घरी निघणाऱ्याने हा आकडा पाठ करून ठेवावा. ज्या टायरांवर 'रस्त्यासाठी नव्हे' असे छापलेले असते त्यांपैकी पुष्कळांना नक्षीच नसते. हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यात त्यांचा काय निभाव लागणार? आपल्या नियमांनी मोटारीच्या टायराच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरविली आहे. पावसाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक असलेली बरी.

तिसरा निकष जातीचा. जुने टायर तिरप्या, एकमेकांस छेदणाऱ्या धाग्यांचे असत. १९४६ मध्ये मिशलॅं कंपनीने आडव्या धाग्यांच्या रेडिअल टायरचे पेटंट घेतले. रेडिअल टायर वळणावर अधिक घट्ट धरतो. पुढे रेडिअल आणि मागे जुन्या पद्धतीचे, अशी जोडी लावली तर वळणावर पुढचा भाग धरून राहतो आणि मागचा सुटतो. गाडी स्वतःभोवती गरकन फिरते. दुर्दैव असे की शर्यतीच्या हौसेतून नेमकी हीच जोडी पुष्कळदा लागते. चारही चाकांस रेडिअल असावेत; मिश्रण करणे भागच पडले तर रेडिअल मागेच असावेत.

एक गोष्ट कायद्याचीही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या मूळ नोंदलेल्या घडणीत मनास येईल तसा फेरफार करता येणार नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा चाके बदलण्यापूर्वी त्या बाबतीत वाहन-कचेरीत विचारपूस करणे श्रेयस्कर.

बैलगाडीच्या धावेने रस्ता कापला, ट्रामच्या रुळाने सायकलस्वारास पाडले, आणि शर्यतीचे चाक भरवस्तीत आले तर तेही कोणाला तरी दगा देईल. या तिन्हींत दोष चाकाचा नाही. एका वाटेसाठी घडविलेले चाक दुसऱ्या वाटेवर तसेच चालविण्याचा आहे. ज्याला गिरगावच्या गल्लीतून, दादरच्या पुलावरून आणि परळच्या पाण्यातून जावयाचे आहे, त्याने आपल्या चाकाला प्रथम त्या रस्त्याची ओळख करून द्यावी. आपली हौस त्याने अवश्य करावी. पण रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाचा त्या रस्त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे, एवढे स्मरण ठेवून करावी.