नावाने वाघ, वागणं कुत्र्याचं: जेजुरीचे वाघ्या आणि मुरळी

इन्स्टावर ते रील्स तुमच्याही समोर आले असतील. तोंडावर कोल्ह्याचा मुखवटा, मागे शेपूट, आणि एक पोरगी चारही हातापायांवर बागेतून उड्या मारत चाललीय. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक हसतायत, उरलेले ‘हिला डॉक्टरकडे न्या’ म्हणतायत. आपण आतून एखादा प्राणी आहोत असं मानणाऱ्यांना थेरियन म्हणतात. ड्रॅगन, एल्फ असले जगात नसलेले जीव ज्यांना आपले वाटतात, ते अदरकिन. आणि या सगळ्यांना एकत्र धरणारा अल्टरह्यूमन हा शब्द २०१४ मध्ये टम्बलरवर जन्माला आला. (आपल्याकडे त्याच वर्षी टीव्हीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली. योगायोगच, पण लक्षात ठेवा.) ही मंडळी ‘मी ड्रॅगन’ एवढं म्हणून थांबत नाहीत. ड्रॅगन खातो काय, त्याची कातडी कशी, पिल्लं कोण सांभाळतं, कळपात मान कुणाचा, हे सगळं ते बसून तपशिलात लिहितात.

आपल्याकडे यावर ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे ‘अमेरिकेतली खुळं!’ मला तेव्हा हसू येतं. कारण पुण्यातून निघा, दिवे घाट चढा, सासवड मागे टाका. पन्नासेक किलोमीटरवर जेजुरी. तिथे कित्येक पिढ्या माणसं स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतायत. तेही अभिमानाने. आणि त्या कुत्र्याचं नाव काय, तर वाघ्या.

हा जीव आहे तरी कसा, ते आधी बघू. अगदी प्राणीशास्त्राच्या वहीत लिहितात तसं.

गळ्यात वाघाच्या कातड्याची छोटी पिशवी, तिच्यात भंडारा, म्हणजे हळद. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाघाचं कातडं बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे ती खूण कायद्याच्या बाहेर गेली, हळद मात्र राहिली. जो भिक्षा घालेल त्याच्या कपाळाला वाघ्या त्यातली चिमूट लावतो. हातात कोटंबा, म्हणजे त्याचं भिक्षापात्र, लाकडी नाहीतर पितळी. भिक्षा त्यातच घ्यायची आणि पूजाही त्याचीच करायची. सोबत दिमडी आणि तुणतुणं. वार रविवारचा, कारण तो खंडोबाचा वार. आता मुख्य गोष्ट. ठरावीक विधींत हे लोक भुंकतात. कोटंब्यात अन्न घालून तो जमिनीवर ठेवायचा, आपण हातपाय टेकायचे, गुरगुरायचं, आणि हात न लावता थेट तोंडाने खायचं.

सीमेपलीकडे कर्नाटकात हेच आणखी ठसठशीत दिसतं. विजयनगर जिल्ह्यातल्या मैलारला खंडोबाचाच भाऊबंद म्हणावा असा मैलारलिंग आहे. त्याचे गोरवय्या काळी घोंगडी पांघरतात. त्यांच्या भांड्याला म्हणतात दोणी. तिच्यात दूध, केळी, गूळ घालतात आणि हे लोक तिच्याभोवती कुत्र्यांसारखे भुंकत, एकमेकांना ढकलत खातात. त्याच यात्रेत एक गोरवय्या उंच धनुष्यावर चढून वर्षाचं भाकीत सांगतो आणि ते ऐकायला प्रचंड गर्दी लोटते. म्हणजे आत्ता जो भुंकत होता, त्याच जातकुळीतल्या माणसाच्या तोंडून नंतर देव बोलतो. त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

पण मग देवाचा प्राणी कुत्राच का? खंडोबा म्हणजे मार्तंड भैरव, आणि भैरवाचं वाहन श्वान, हे पोथीतलं उत्तर. मला त्याच्यापेक्षा दुसरं उत्तर पटतं. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या देवांमागे वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ मध्ये आलं, इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये. त्यांच्या लेखी हा मुळात मेंढपाळांचा आणि रानाचा देव. तो घोड्यावर बसतो, शिकारीला जातो, बाणाईसाठी धनगरवाड्यात राहून मेंढरंसुद्धा राखतो. आता विचार करा, माळावर रात्र काढणाऱ्या धनगराचा जीव कुणाच्या भरवशावर असतो? लांडगा आला की आधी कोण उठतं? गावात ‘कुत्र्या’ ही शिवी असेल. वाड्यावर कुत्रा म्हणजे घरचा माणूस. तिथे ‘मी देवाचा कुत्रा’ म्हणणं याचा अर्थ, देवाच्या कळपाची राखण माझ्याकडे आहे.

नावातली गंमतही यातच असावी. राखणीच्या कुत्र्याला वाघ्या म्हणायची आपली जुनी सवय. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ ज्या कुत्र्याचं स्मारक आहे, तोही वाघ्याच. ते १९३६ चं, आणि त्याला पैसे दिले ते खंडोबाचे निस्सीम भक्त असलेल्या होळकरांनी. असा कुत्रा खरंच होता का, यावरून २०२५ मध्ये पुन्हा केवढा वाद पेटला ते आठवत असेल. तो विषय मोठा आहे, आज नको.

बरं, थेरियन आणि वाघ्या यांच्यात मोठा फरक कुठे आहे माहितीय? थेरियन सांगतो, ‘मी आतून लांडगा आहे, मला हे लहानपणीच कळलं.’ सगळा प्रश्न ‘मी कोण?’ असा. वाघ्याला हा प्रश्न पडतच नाही. त्याचा प्रश्न ‘मी कुणाचा?’ खंडोबाचा. विधी संपला की तो उठतो, तोंड पुसतो, शेतावर जातो, त्याला बायकापोरं असतात, जातही असते. घरवाघ्या आणि दारवाघ्या असा भेदही आहे. घरवाघ्या आपला संसार सांभाळून नवसापुरतं, ठरलेल्या दिवशी पाच घरं मागतो. दारवाघ्याने मात्र कायमची दीक्षा घेतलेली, त्याचं पोट दारोदार फिरण्यावर.

आणि तो वाघ्या होतो कसा? इथे गोष्ट जरा अवघड होते. मूल होत नसलं की आई-बाप खंडोबाला नवस बोलायचे: मूल दे, पहिलं तुलाच वाहू. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. म्हणजे पोर पोटात यायच्या आधीच त्याचं काय व्हायचं ते ठरलेलं. ‘तू आतून कोण आहेस’ हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

मुलग्यांचं एक वेळ निभावलं. मुलीचं काय? मुरळीचं लग्न थेट खंडोबाशी लागायचं. हळद लागायची, गळ्यात कवड्यांची माळ पडायची. नवरा देव, त्यामुळे ती कधी विधवा नाही, हे ऐकायला छान. पण माणसाशी लग्न करायची सोयही नाही. जागरणात रात्रभर नाचायचं, गायचं, आणि पुरुषांनी तिला सगळ्यांची समजायचं. कित्येक मुरळ्या शेवटी वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या. अशा मुली मोठ्या संख्येने दलित घरांतल्या असायच्या. वाघ्या विधी संपल्यावर पुन्हा माणूस होऊ शकत होता. मुरळीला परतीची वाटच ठेवलेली नव्हती.

तिच्या बाजूने उभा राहिलेला एक माणूस पुण्याचाच. शिवराम जानबा कांबळे. त्यांनी १९०८ मध्ये पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केलं. दलित संपादकाने चालवलेलं हे मराठीतलं अगदी सुरुवातीचं पत्र. पुढे १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही कांबळे पुढे होते, ते नाव काहींनी ऐकलं असेल. ‘सोमवंशीय मित्र’मधून त्यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेवर हल्ला चढवला. मुरळ्यांना आवाहन केलं की हे सोडा. त्यावर १९०९ मध्ये शिवूबाई या मुरळीने पत्र लिहिलं आणि ते पत्रात छापलं गेलं. थांबून विचार करा जरा. लहानपणी देवाला वाहिलेली एक दलित बाई शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पुण्याच्या छापील कागदावर स्वतःबद्दल स्वतः बोलतेय. कांबळेंचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं. भाषणं ठोकणारे तेव्हाही भरपूर होते. लग्नाला उभा राहणारा हा एक.

कायदा मात्र हळूहळू आला. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा आणि महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा. मधली सत्तर वर्षं मोजा.

आज वाघ्या-मुरळी म्हटलं की बहुतेकांना आठवते ती जागरण-गोंधळाची पार्टी. लग्नानंतर घरी जागरण घालायचं असतं, पार्टी सुपारी घेऊन येते, त्यातली मुरळी बऱ्याचदा रीतसर कलाकार असते, तिचा नवरा-संसार असतो, यूट्यूबवर व्हिडिओ असतात. आपण कौतुकाने ‘लोककला’ म्हणतो. म्हणावंच, दिमडीच्या त्या ठेक्यावर पाय हलले नाहीत असं होत नाही. पण कवड्यांच्या माळेकडे बघताना ती आधी कुणाच्या गळ्यात पडायची, हे माहीत असलेलं बरं.

जागरणात पहाटेकडे लंगर तोडतात. लोखंडी साखळी, वाघ्या ती झटका देऊन तोडतो. तुटली की ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो. या विधीचे अर्थ वेगवेगळे सांगतात. मला दरवेळी वाटतं, साखळी कुत्र्याच्या गळ्यात असते, आणि इथे ती कुत्राच तोडतोय.

यंदा चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, जेजुरीला गेलात तर गडावर भंडारा उधळताना सगळे फोटो काढतीलच. तुम्ही घरी असाल तर भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर बघा. ताट वाढून झालं की एक वाटा दाराबाहेर जातो. तो गल्लीतल्या कुत्र्याचा.