दुनळीची डावी नळी

सातवीत असताना ‘माझ्या घरातील जुनी वस्तू’ या विषयावर आपण सगळ्यांनी निबंध लिहिले होते. कुणी पितळी घंगाळावर लिहिलं, कुणी आजीच्या जात्यावर. मी आमच्या आबांच्या दुनळी बंदुकीवर लिहिलं. आबांनी अजिंठ्याच्या डोंगरात या बंदुकीनं वाघ मारला, पहिली गोळी चुकली, वाघानं झेप घेतली आणि दुसऱ्या नळीनं त्यांचा जीव वाचवला, असा एकूण थरार होता. वर्गात वाचून दाखवल्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. इतिहासाच्या सरांनी मात्र समासात लाल शाईनं दोनच शब्द लिहिले होते : ‘कोणत्या साली?’

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली.

आबा गेल्यावर बंदूक नियमाप्रमाणे जमा करावी लागली. वारसाचा परवाना वडिलांच्या नावावर होईपर्यंत ती एका कचेरीच्या कपाटात ओलीला पडून होती. परत आली तेव्हा नळ्यांवर तांबूस गंज होता आणि खटका सरकत नव्हता. वडिलांना ते लागलं. बोलले काहीच नाहीत, पण रोज सकाळी फडक्यानं नळी पुसत बसायचे. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आले आणि आम्ही दोघं ती घेऊन छत्रपती संभाजीनगरला एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. बंदूक परवानेदारानंच न्यायची, त्यामुळे ती वडिलांच्या मांडीवर आणि कागदपत्रांची पिशवी माझ्या.

कारागीर साठीचे होते. त्यांनी आधी काही विचारलं नाही. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, दोरीच्या फासात टांगल्या आणि लाकडी हातोडीनं हलकेच टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा नाद आला. दोन नळ्या मधल्या पट्टीशी झाळलेल्या असतात, झाळ कुठे सुटली असेल तर आवाज बद्द येतो. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. पोचा असेल तर आतल्या चकाकत्या कड्यांमध्ये सावली वाकडी पडते. एकाही मोजमापाच्या यंत्राला हात न लावता माणसानं अर्ध्या तासात निदान केलं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. इतक्या थोड्या साधनांत मला ते जमत नाही.

खटका का सरकत नव्हता, तर आतल्या कमानींवर खोबरेल गोठून डिंक झालं होतं. आबा दर दिवाळीला बंदुकीला तेल पाजायचे, हातात येईल ते. बंदूक उभी ठेवल्यानं ते तेल झिरपत दस्त्याच्या लाकडात मुरलं आणि लाकूड काळं, भुसभुशीत झालं. दस्ता अक्रोडाचा, त्याच्या मानेला जुनी भेग, आणि त्या भेगेवर गावच्या सुतारानं तांब्याची तार इतकी नेटकी गुंडाळलेली, की कारागीर म्हणाले, “हे काढू नका.”

गंज उतरल्यावर नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर अक्षरं दिसू लागली. आम्ही पिढ्यान् पिढ्या तिला ‘विलायती’ म्हणत आलो, म्हणजे इंग्रजांची. अक्षरं होती ‘सेंट-एतिएन’. बाजूला मुकुट, त्याखाली ‘पीटी’, आणि ‘१६-६५’ असा आकडा. बंदूक फ्रेंच निघाली.

सेंट-एतिएन हे फ्रान्सच्या मधल्या भागातलं कोळशाचं, लोखंडाचं गाव. तिथे १७६४ मध्ये राजानं शस्त्रांचा कारखाना मान्य केला. मुकुटाखालचं ‘पीटी’ म्हणजे ही नळी तिथल्या सरकारमान्य चाचणीघरात बिनधुराच्या दारूनं तपासली आहे, असा शिक्का. म्हणजे बंदूक विसाव्या शतकातली. आमचा ‘पेशवाईपासूनची’ हा दावाही तिथेच संपला.

तशी फ्रेंच पद्धतीची शस्त्रं आपल्या भागाला नवी नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीविरुद्ध शिंद्यांच्या ज्या तोफा धडाडल्या, ते तोफखाने आणि कंपू महादजींच्या काळात सॅव्हॉयच्या डी बॉइननं उभे केलेले आणि पुढे फ्रेंच पेराँनं सांभाळलेले. निजामाकडेही तेच. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर रेमाँ या फ्रेंचाची पलटण होती. हैदराबादेत त्याच्या तोफांच्या कारखान्याची जागा अजून ‘गनफाउंड्री’ म्हणूनच ओळखली जाते. असईच्या तोफांवर माना टाकणारे गोलंदाज मात्र इथलेच होते. साहेबांची नावं पुस्तकात आहेत, त्यांची नाहीत.

असईनंतर सोळा वर्षांनी, एप्रिल १८१९ मध्ये, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दरीत वाघाच्या मागावर आला आणि त्याला लेणी दिसली. माझ्या निबंधातला वाघ बहुधा मी तिथूनच उचलला होता. पण त्या काळची बंदूक ठासणीची. तोंडातून दारू, गोळी, मग गज घालून ठासायचं. नेम चुकला तर वाघ काही थांबून राहत नाही. पॅरिसमध्ये १८१२ च्या सुमारास पॉली या स्विस कारागिरानं गोळी, दारू आणि ठिणगी एकाच काडतुसात बांधली, आणि १८३० च्या दशकात लेफोशो या फ्रेंच माणसानं नळी बिजागरीवर मोडून मागून काडतूस भरायची बंदूक बनवली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांनी पाहिली. नंतर ते या कामात जगप्रसिद्ध झाले, पण मूळ कल्पना फ्रेंच. आपल्या आबांची दुनळी मोडते ती लेफोशोच्याच तऱ्हेनं.

वाघासाठी राजेरजवाडे वापरत ती दुनळी रायफल. तिच्या नळ्यांत आतून पीळ असतो. दोन नळ्या एकमेकींना अगदी समांतर बसवल्या तर गोळ्या एका जागी लागत नाहीत, कारण बार होताना उजवी नळी उजवीकडे ढकलते आणि डावी डावीकडे. म्हणून त्या किंचित आत झुकवतात, मध्ये पाचर घालून तात्पुरत्या झाळतात, चाचणीचे बार काढतात, पाचर सरकवतात, पुन्हा झाळतात. ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या शेजारी लागेपर्यंत हे चालतं. किंमत जाते ती या कामात. सहावा निजाम महबूब अली खान याच्या शिकारीची राजा दीनदयाळांनी काढलेली छायाचित्रं पाहा, म्हणजे ती दुनिया कळेल.

आमची बंदूक रायफल नव्हतीच. नळ्या आतून गुळगुळीत, छर्ऱ्यांच्या. ‘१६’ म्हणजे सोळा बोअर : एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या तर त्यातली एक मावेल एवढं तोंड, सुमारे १६.८ मिलिमीटर. म्हणून आकडा मोठा तितकी नळी बारीक. बारा बोअर साडेअठरा मिलिमीटर भरते. ‘६५’ ही काडतुसाच्या घराची लांबी. आजची काडतुसं बहुधा ७० ची. लांब काडतूस त्यात बसतं खरं, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोक्याइतका वाढतो.

सोळा बोअर हा फ्रान्सच्या साध्या शिकाऱ्याचा आवडता माप. क्रांतीआधी तिथे शिकारीचा हक्क सरदारांचा. त्यांची हरणं आणि ससे शेतकऱ्याचं पीक खात आणि त्यानं बघत बसायचं. ऑगस्ट १७८९ मध्ये तो हक्क रद्द झाला. पुढच्या शतकात शेतकरी, शिक्षक, दुकानदार बंदुका घेऊ लागले, आणि सेंट-एतिएनच्या १८८५ मध्ये निघालेल्या मॅन्युफ्रान्ससारख्या कंपन्या सायकली आणि बंदुका एकाच सूचिपत्रातून टपालानं विकू लागल्या. पोलीस ॲक्शननंतर कधीतरी आबांनी जालन्यातल्या एका घराकडून जुनी म्हणून घेतलेली वस्तू ही अशी होती. राजाची नव्हे, कुणब्याची.

आता खरी गोष्ट. कारागिरानं दोन्ही नळ्या वडिलांच्या हातात दिल्या. “उजवी बघा, डावी बघा.” उजव्या नळीत खड्डे, घराचं तोंड झिजलेलं, तिचा पुढचा चाप बोटानं गुळगुळीत झालेला. डावी नळी जवळजवळ कोरी. मागच्या चापावरची नक्षीही शाबूत. दुनळीत पहिला बार उजवीचा, दुसरा डावीचा. ते म्हणाले, “या माणसाला दुसऱ्या बाराची गरजच पडली नाही. एकतर नेम फार चांगला, नाहीतर हवेत वाजवत असणार.”

मी घरी येऊन परवान्याचं जुनं पुस्तक काढलं. कारण : पीक व स्वसंरक्षण. मग आमच्याकडच्या जुन्या सालगड्यांकडे गेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वाघाचं विचारल्यावर ते हसून हसून खोकायला लागले. “कसला वाघ, बाई! ज्वारीत रोही अन् डुकरं शिरली की आबा माळ्यावरून एक बार वाजवायचे. मी डबा बडवायचो. झाली शिकार.”

“डावी कधीच वाजली नाही?”

मामा गप्प झाले. मग म्हणाले, “एकदा.”

तो १९७२ चा दुष्काळ. गावात खडी फोडायची कामं चालू, विहिरींना तळ लागलेले. आमच्या मळ्यातल्या विहिरीत तेवढं हातभर पाणी होतं आणि रात्री काळविटं काठाशी येत. घरात माणसं जास्त, दाणे कमी. आबांनी एका पहाटे बार काढला. काळवीट पडलं नाही, मागचे पाय ओढत बांधापर्यंत गेलं आणि तिथून बघत राहिलं. तेव्हा त्यांनी डाव्या नळीचा चाप ओढला. मांस मामांच्या घरीही गेलं, आमच्याही. “आबांनी खाल्लं नाही,” मामा म्हणाले. “पण दुसऱ्यांना वाढलं.”

सर, समासातल्या प्रश्नाचं उत्तर : साल १९७२. पण तो वाघ नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट पुढे पहिल्या अनुसूचीत गेलं. आबांनी कायद्यामुळे सोडलं की त्या पहाटेमुळे, हे मामांनाही मी विचारलं नाही.

दुरुस्तीत आम्ही कमानी धुऊन घेतल्या, बिजागरीची ढिलाई काढली, दस्त्यातलं तेल खडूच्या भुकटीनं शोषून घेतलं आणि वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तार तशीच आहे. उजव्या नळीतले खड्डे घासून काढता आले असते, पण नळी पातळ झाली असती, म्हणून राहू दिले. बार काढून पाहायचा का, असं कारागिरानं विचारलं, तेव्हा वडिलांनी मान हलवली. मागच्या निवडणुकीच्या वेळी आदेश आला तसे ते ती गोधडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून आले, आणि निकालानंतर आठव्या दिवशी परत घेऊन आले. या वेळी गंज नव्हता. त्यांनी जाताना आतून-बाहेरून तेल लावलं होतं, आणि ते खोबरेल नव्हतं.