जोडेघाटचा फसलेला तह

राजुरा आणि जिवती तालुक्यांतल्या गोंड, कोलाम घरांची सोयरीक आजही सीमेपलीकडे तेलंगणातल्या आसिफाबादच्या डोंगरांत जुळते. १९५६ पर्यंत आसिफाबादसारखाच राजुराही आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. त्यामुळे गोंड नेता कुमराम भीमाचा निजामाविरुद्धचा लढा हा चंद्रपूरच्याही इतिहासाचा भाग आहे. तरुण भीम परागंदा झाला तेव्हा चांद्यात, म्हणजे चंद्रपुरातच एका छापखानावाल्याच्या आश्रयाला राहिला, असे सांगतात.

निजामाच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते अतिक्रमण ठरली. बाबेझरीला तर जंगलखात्याच्या माणसांनी घरेच पेटवून दिली. माणसे भीमाभोवती गोळा झाली ती त्यानंतर.

सरकारने बोलणी लावली. त्या भागातल्या आठवणींनुसार अधिकाऱ्यांनी देऊ केले ते असे: जमिनीचे पट्टे, कर्जमाफी, शिवाय भीमाला स्वतःला जास्तीची जमीन. भीमाने नकार दिला. खोट्या खटल्यांत अडकवलेली माणसे सोडा आणि बारा गावांत आमचे राज्य आम्हाला करू द्या, ही त्याची मागणी. ती सरकारला मान्य नव्हती.

देऊ केलेले थोडे नव्हते. पण पट्टा देणारे सरकार तेच, घर जाळणारा शिपाईही त्याचाच. उद्या तो पुन्हा दारात आला तर त्याला अडवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर त्या प्रस्तावात कुठेच नव्हते. भीमाचा नकार हट्टाचा नव्हता, अनुभवाचा होता.

१९४० मध्ये त्याच डोंगरांतल्या जोडेघाटला पोलिसांनी गोळीबार केला. भीम आणि त्याचे दहा साथीदार मारले गेले.

मग सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे अभ्यासाचे काम आले. मारलवाईला गोंडी शिक्षणाचे केंद्र निघाले, तिथली गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. १९४९ पर्यंत ११ हजारांहून अधिक आदिवासींना सुमारे १ लाख ६० हजार एकरांचे पट्टे मिळाले. म्हणजे जमीन देणे अशक्य कधीच नव्हते. नाकारला गेला तो कारभाराचा हक्क.

तो मागणारा आवाज पुढे गडचिरोलीत उठला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा संसदेने १९९६ मध्येच केला होता. त्याचे नियम करायला महाराष्ट्राला २०१४ उजाडले.