बाळोती कोणी धुवायची?

गेल्या एप्रिलमध्ये आदिलाबादला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. गोव्याहून आधी मुंबई, मग नंदीग्राम एक्सप्रेसने नांदेड, मुदखेड, किनवट करत आदिलाबाद. भाच्याला मुलगी झालेली. सूनबाई दोन महिन्यांचे बाळ घेऊन किनवटहून, म्हणजे माहेराहून, नुकतीच परतली होती. मी पोचलो तेव्हा घरात वाद रंगात आला होता. पलंगावर एकीकडे विहीणबाईंनी जुन्या सुती साड्या फाडून, कडा दुमडून शिवलेल्या बाळोत्यांचे गाठोडे आणि दुसरीकडे भाच्याने आणलेला डायपरचा भलामोठा पुडा.

"दादा, आता तूच सांग," बहीण म्हणाली.

मी काय सांगणार? माझ्या दोन्ही मुलांचे एकही बाळोते मी कधी धुतले नाही, हे तिला पक्के ठाऊक.

तेलंगणात हे मराठी घर कसे, असा प्रश्न गोव्यातल्या वाचकाला पडेल. आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे त्याचे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळे इकडे आंध्रात आली. तोवर एकाच जिल्ह्यात असलेली सासरे-माहेरे दोन राज्यांत वाटली गेली. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कागदावर बरेच बदलले, पण बाळंतपणाच्या चालीरीती तशा सीमा ओलांडून नांदत राहिल्या.

त्यातली एक म्हणजे जुनेराची. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नवे कापड लावायचे नाही, आजीचे नाहीतर आईचे वापरून मऊ झालेले लुगडे लावायचे. याला आशीर्वादाचा अर्थ दिला जातो, तो असेलही. पण शंभरदा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, ते पाणी चटकन शोषते आणि कातडीला घासत नाही. दिवेलागणीनंतर बाळाची वस्त्रे बाहेर ठेवू नयेत, हा नियम आमच्या गोव्यातही आहे. आमच्याकडे तर पावसाळ्यात ती वाळतच नाहीत. माझी आई निखाऱ्यांवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती पसरायची. घरभर तो धुरकट वास असे. आदिलाबादला एप्रिलात दोरीवर टाकलेले बाळोते चहा पिऊन होईपर्यंत कडकडीत होते!

डायपरचा इतिहास त्या मानाने कोवळा. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८४९ साली सेफ्टी पिनचे पेटंट घेतले. आपल्याकडे लंगोटाला गाठ मारून काम भागत होते. मग मॅरियन डोनोव्हन या बाईंनी न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडातून लंगोटावर घालायचे पाणी न झिरपणारे आवरण शिवले, त्याचे पेटंट त्यांना १९५१ साली मिळाले. फेकून द्यायचे कागदी डायपरही त्यांनी सुचवले होते, पण कारखानदारांना ते पटेना. १९६१ साली पॅम्पर्स आले. आजच्या डायपरच्या पोटात असतो लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचे दाणे, वर-खाली प्लास्टिक. गंमत अशी, की हे घर ज्या रस्त्यावर आहे तिथे हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काळ्या मातीचा हा कापूसमुलूख, आणि त्यातल्या बाळाच्या अंगाला लाकूड!

असे वाटले आणि मी भाच्याला दोन शब्द सुनावणारच होतो. तेवढ्यात सूनबाई शांतपणे म्हणाली, "मामा, बाळोतीच वापरू. पण धुणार कोण?"

खरा इतिहास तर इथे होता. आपण म्हणतो, पूर्वी सगळे कापडावरच व्हायचे. व्हायचे, पण धुवायचे कोण? मराठी गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. बाळंतिणीचे सोयरातले कपडे घरातल्या बायका हाताळत नसत, ते परटिणीकडे जायचे. गोव्यात हेच काम मडवळांचे. निजामी तेलंगणात तर वेट्टीच होती. देशमुखाच्या वाड्यावरचे धुणे चाकली कुटुंबांनी फुकट धुवायचे. त्याच जातीतल्या चाकली ऐलम्मा पालकुर्तीच्या. कसायला घेतलेल्या जमिनीचे पीक विसनूरच्या देशमुखाला नेऊ द्यायचे नाही म्हणून १९४० च्या दशकात त्या उभ्या ठाकल्या. २०२४ साली हैदराबादच्या महिला विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. वाड्यातले बाळोते स्वस्त होते ते या हातांमुळे. आणि जिथे परटीण नव्हती तिथे सून होती, ओल्या अंगाची.

डायपरवाल्यांनीही हुरळू नये. वापरलेले डायपर गुंडाळून वेगळे द्यावे आणि त्यासाठी उत्पादकांनी पाकिटे पुरवावीत, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत आले. म्हणजे परटिणीच्या जागी कचरा निवडणारी बाई आली, एवढेच. पर्यावरणाचे म्हणाल तर ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००५ साली दोन्हींत फारसा फरक नसल्याचे सांगितले होते. २००८ च्या सुधारित अहवालात मात्र म्हटले, की कापड पूर्ण भरलेल्या यंत्रात धुतले, दोरीवर वाळवले आणि पुढच्या मुलालाही वापरले तर ते बरेच सरस ठरते. यंत्रात वाळवले तर नाही. त्या हिशेबात आदिलाबादचे ऊन म्हणजे मोठीच ठेव. फक्त उन्हाळ्यात बहिणीच्या घरी नळाला एक दिवसाआड पाणी येते, आणि दिवसाला दहा-बारा बाळोती भिजतात.

शेवटी ठरले ते असे. दिवसा बाळोती, रात्री आणि किनवटच्या प्रवासात डायपर. धुण्याची पाळी भाच्याची, कामावर जाण्याआधी. बहिणीला हे रुचले नाही. "पुरुषानं बाळोती धुवायची?" असे दोनदा म्हणून झाले. सूनबाईने उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा मोरीत बसून बाळोती खंगाळत होता. पहिल्यांदाच. पाणी फार सांडत होता. बहीण दारात उभी राहून थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अरे, जोरात पिळू नको, पोरीच्या पोटात कळ येते." आणि एकेक बाळोते झटकून दोरीवर टाकायला लागली.