मृगजळ

मृगजळ (संस्कृत : मृगतृष्णा, मरीचिका) हा वातावरणातील एक प्रकाशीय आविष्कार आहे. तापलेल्या भूपृष्ठालगतच्या हवेतून जाताना प्रकाशकिरण वळतात आणि दूर जमिनीवर पाणी पसरल्याचा भास होतो. हा आविष्कार वाळवंटाशी जोडला जात असला, तरी त्याला वाळूची आवश्यकता नसते. महाराष्ट्रात वाळवंट नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर मृगजळ न पाहिलेला माणूस विरळाच.

शब्द व संकल्पना

तहानलेले हरीण पाण्याच्या आशेने धावत सुटते, या कल्पनेतून ‘मृगजळ’ हा शब्द आला. ‘मरीचि’ म्हणजे किरण. त्यामुळे ‘मरीचिका’ हे नाव अधिक शास्त्रीय, पण मराठीत रूढ झाले ते हरणाचेच. अद्वैत वेदान्तात जगाचे मिथ्यात्व दाखविण्यासाठी मृगजळाचा दृष्टान्त दिला जातो. ज्ञानेश्वरीतही तो अनेकदा येतो. मात्र दोरीवर भासणारा साप उजेड आणताच नाहीसा होतो, तसे मृगजळाचे होत नाही. पाणी नाही हे कळल्यावरही ते दिसतच राहते आणि छायाचित्रातही उमटते. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश खरा असतो. चूक होते ती त्याचा अर्थ लावताना.

कारणमीमांसा

उष्ण हवा विरळ असते व तिचा अपवर्तनांक कमी असतो. ३५° सेल्सिअस तापमानाच्या हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००२६, तर ६०° तापमानाच्या हवेचा सुमारे १.०००२४ असतो. फरक नगण्य वाटतो, पण सर्व काही त्याच्यावरच अवलंबून आहे. विरळ हवेत प्रकाशाचा वेग किंचित अधिक असतो. आकाशाकडून जमिनीकडे अगदी तिरपा येणारा प्रकाश भूपृष्ठाजवळ पोचला, की त्याच्या तरंगाग्राचा खालचा भाग वरच्या भागाच्या पुढे जातो. कवायतीच्या रांगेत एका टोकाची मुले भरभर चालू लागली, तर सगळी रांग मंद चालणाऱ्या बाजूकडे वळते; त्याचप्रमाणे किरण वर, थंड हवेकडे वळतो. आलेला किरण सरळ रेषेतच आला असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो. जमिनीवर चकाकणारे आकाश म्हणजे पाणी, हा आपला रोजचा अनुभव. वर चढणाऱ्या उष्ण हवेमुळे प्रतिमा थरथरते व लाटांचा भास पुरा होतो. होळीच्या ज्वाळांपलीकडील वस्तू हलताना दिसतात, त्याचे कारणही हेच.

हे पूर्ण आंतरिक परावर्तन आहे, असे अनेकदा लिहिले जाते. विद्यार्थ्यांना समजावण्यास ते सोयीचे असले तरी काटेकोर नाही. कारण हवेत आरशासारखी सीमारेषा नसते आणि किरण क्रमाक्रमाने वळत जातो.

वर दिलेल्या तापमानांसाठी गणित केल्यास, जमिनीशी एक-तृतीयांश अंशाहून किंचितच मोठा कोन करणारे किरण परत वळू शकतात. मोटारचालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरला, तर ‘पाणी’ सुमारे १९० मीटरच्या पुढेच दिसेल. आपण पुढे जावे तसे तेही पुढे सरकते, ते यामुळेच. उंच बसमधून ते आणखी दूर दिसते.

विक्रोळीजवळ, घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील पूर्व द्रुतगती महामार्गावर एप्रिल-मे महिन्यांत हे अंतर अजमावून पाहता येते. मुंबईत तेव्हा हवेचे तापमान ३३-३५ अंशांच्या आसपास असले, तरी डांबराचा पृष्ठभाग त्याहून पुष्कळ अधिक तापतो. निरीक्षण अर्थातच प्रवासी म्हणून करावे, चालक म्हणून नव्हे.

इतिहास व प्रकार

नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेत तहानलेल्या सैनिकांना मृगजळाने वारंवार चकविले. मोहिमेसोबत असलेल्या गास्पार माँज या फ्रेंच गणितज्ञाने त्याची अपवर्तनावर आधारित उपपत्ती मांडली.

वरील प्रकारास अधःस्थ मृगजळ म्हणतात. थंड समुद्रावर उष्ण हवेचा थर असल्यास उलट घडते : किरण खाली वळतात आणि क्षितिजापलीकडचे जहाज वर उचललेले दिसते. अशा प्रतिमांची गुंतागुंतीची रचना इटलीतील मेसिना सामुद्रधुनीत दिसते; तिला ‘फाता मोर्गाना’ म्हणतात.

संबंधित वाळवंटी आविष्कार

ज्या तापलेल्या थरामुळे मृगजळ दिसते, तोच एखाद्या ठिकाणी वेगाने वर उसळून फिरू लागला की वावटळ उठते. दख्खनच्या पठारावरील उन्हाळी वावटळी याच जातीच्या.

धुळीच्या वादळाचे कारण वेगळे. गडगडाटी मेघातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते व धुळीची भिंत उभी करते. सुदानमध्ये तिला ‘हबूब’ म्हणतात. मुंबईत १३ मे २०२४ रोजी असेच धुळीचे वादळ आले. त्यात विक्रोळीलगतच्या घाटकोपरमध्ये, छेडानगर येथे, महाकाय जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी जानेवारी २०२२ मध्ये मुंबईवर पसरलेली धूळ मात्र स्थानिक नव्हती. ती पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून वाहत आली होती.

‘गाणारी वाळू’ हा आविष्कार मात्र खास वाळवंटाचा. कोरडे व जवळपास सारख्या आकाराचे वाळूकण टेकडीच्या उतारावरून एकत्र घसरू लागले, की दूरवर ऐकू जाणारा घुमणारा आवाज निघतो. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात मध्य आशियाच्या वाळवंटातील अशा आवाजांचा उल्लेख असून तेथे ते भुताखेतांचे मानले आहेत.