उधारीची वही

धाकट्या भावाला जाऊन चार वर्षे झाली. परवा त्याच्या रोह्याच्या घरचा माळा आवरताना लाल कापडी बांधणीची एक वही हाती लागली. त्याच्या शेती अवजारांच्या दुकानाची उधारीची वही. दुकान 1985 ते 2009 चालले. मी पेणला शिक्षक होतो. सुट्टीत रोह्याला जाऊन त्याचे हिशेब पाही, आणि दर खेपेला आमचे वाजत असे.

"उधारी बंद कर."

"दादा, मग दुकानच बंद करतो."

माझे गणित शाळेतले. समजा, 100 रुपयांच्या मालात 8 रुपये सुटतात आणि बँकेचे व्याज वर्षाला 18 टक्के. जूनला दिलेल्या मालाचे पैसे डिसेंबरात आले, तर 9 रुपये व्याजातच गेले. पण चिखलणीला यंत्र हवे जूनमध्ये, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो भात झोडून विकल्यावर. सातबाऱ्यावर सगळ्या भाऊबंदांची नावे, त्यामुळे बँकेचे कर्ज सहजी मिळत नसे. मधले सहा महिने दुकानदारानेच सांभाळायचे.

मग दुकान तगले कसे? सुट्या भागांवर आणि दुरुस्तीवर. पट्टे, बेअरिंगे, फवारणी पंपाचे वॉशर. ऐन लावणीत टिलर बंद पडला तर कोणी भाव करत बसत नाही.

अवजारे विकणाऱ्याचा पैसा अडकणे हे काही नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो सगळा इतिहास मी वर्गात रंगवून सांगत असे. पण माल तयार, पैसा गुंतलेला आणि गिऱ्हाईक नाही, ही दोन वर्षे त्यांनी कशी काढली असतील, हे मी मुलांना कधी विचारले नाही.

आपल्या भागात अडचण समजुतीची नव्हती, हंगामाची होती. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते. त्यामुळे रोहे तालुक्यात कालव्याखालच्या गावांत पावसाळी भातानंतर उन्हाळी भातही होते. यंत्राला वर्षातून दोनदा काम, म्हणजे दुकानालाही दोन हंगाम. पेणच्या खाडीकाठी खारजमीन. बांध शाबूत राहिला तर पावसाळ्याचे एक पीक, मग वर्षभर यंत्र पडवीत.

हे कळत असूनही 2004 मध्ये मी भावाला पेणला शाखा काढायला लावली. तो जवळ असावा हा माझा स्वार्थ. गाळ्याच्या डिपॉझिटचे पैसे मी माझ्या फंडातून दिले. 2006 पासून महामुंबई सेझची चर्चा सुरू झाली. ज्याला आपली जमीन राहते की जाते हे ठाऊक नाही, तो टिलर कशाला घेईल? सप्टेंबर 2008 मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सेझवर जनमत घेतले गेले, पुढे तो सेझ बारगळलाही. पण आमची शाखा त्याच वर्षी पावसाळ्याआधी बंद झाली होती, आणि तिच्या ओझ्याखाली पुढच्या वर्षी रोह्याचे दुकानही.

आता वही चाळताना दिसले, की रोह्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदींवर काट मारलेली आहे. पैसे उशिरा आले, पण आले. बुडाला तो पेणला न विकलेल्या मालात अडकलेला पैसा. म्हणजे ज्या उधारीवरून मी त्याला बोललो तिने दुकान चालवले होते, आणि माझ्या आग्रहाने ते बसले.

आज शासनाचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, पण आधी यंत्र घ्यायचे, मग अनुदान यायचे. मधले दिवस आजही कोणीतरी सांभाळतोच.

वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद आहे: 'दादा, डिपॉझिट'. तिच्यावरही काट, तारीख मार्च 2010 ची. त्याच्या वरच्याच ओळीत, त्याच आठवड्यात, वेल्डिंग मशीन विकल्याची नोंद आहे. त्याने पैसे आणून दिले तेव्हा मी मोजून घेतले होते. कुठून आणलेस, हे विचारले नव्हते.