‘धर्म : नाही’

जनगणनेच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. २०११ साली त्या रकान्यासाठी सहा धर्मांना सहा आकडे ठरवून दिले होते. हिंदूला एक, मुसलमानाला दोन, मग ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन. यांपैकी काही नसेल तर माणूस सांगेल ते अक्षरांत लिहायचे. नेरसारख्या तालुक्याच्या गावात प्रगणक म्हणून येतात ते बहुधा शाळेतले गुरुजी. ते मोहल्ला पाहतात, नाव ऐकतात आणि आकडा टाकून पुढच्या घरी जातात. विचारण्याची गरज त्यांना वाटत नाही आणि सांगण्याची आपल्याला. नावातच धर्म आला, असे आपण सगळेच धरून चालतो.

तरीही त्या जनगणनेत देशभरातल्या २८ लाख ६७ हजार माणसांपुढे ‘धर्म सांगितला नाही’ अशी नोंद झाली. २००१ मध्ये हाच आकडा सव्वासात लाखांच्या आसपास होता. हे सगळे नास्तिक होते असे मुळीच नाही. पण स्वतःला स्पष्टपणे ‘नास्तिक’ लिहवून घेणारेही ३३ हजार ३०४ निघाले आणि त्यांतले सर्वांत जास्त, ९ हजार ६५२, आपल्या महाराष्ट्रातले होते. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात ही संख्या पिठातल्या मिठाएवढीही नाही. मनातून न मानणारे याहून कितीतरी अधिक असतील. मनात न मानणे वेगळे आणि चारचौघांत तसे सांगणे वेगळे. सांगण्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत महाराष्ट्रात कोणी, कशी मोजली आणि तिच्याशी आपला, मराठी मुसलमानांचा, काय संबंध, हे या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात गोपाळ गणेश आगरकरांपासून करावी लागते. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या या माणसाने १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढले. मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांची बुद्धी अशा ठिकाणी आली होती की, जे पुराव्याने सिद्ध होत नाही ते मानायला ती तयार नव्हती. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांना वादात उत्तर दिलेच, शिवाय त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्याच घरावरून नेली. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना, १८९५ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. मरणाआधी त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगितले जाते. आपल्या तिरडीला कोणी येईल याची खात्री त्या माणसाला नव्हती.

नास्तिकाच्या इतिहासात मरणाचा प्रश्न असा पुन्हा पुन्हा येतो. त्याला कारण आहे. आपल्याकडे जन्म, लग्न, वारसा आणि मय्यत या चारही गोष्टी जमातीच्या हाती आहेत. जमातीबाहेर पडलेल्याला या चार दारांवर कोण उभे राहणार?

लग्नाच्या दाराचा इतिहास तर फारच बोलका आहे. ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून १८७२ साली विशेष विवाहाचा कायदा झाला. धर्मविधीशिवाय लग्न करायचे तर त्याखाली एक जाहीरनामा करावा लागे. आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही, असे वराला आणि वधूला लिहून द्यावे लागे. म्हणजे श्रद्धा असलेल्यालाही, केवळ दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न करायचे म्हणून, सरकारदरबारी ‘धर्म नाही’ असे लिहावे लागे. नागपुरात वकिली केलेले हरिसिंग गौर यांनी खटपट करून १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची आपापसांतल्या लग्नापुरती या अटीतून सुटका केली. मुसलमानाची मात्र सुटका झाली ती १९५४ च्या कायद्याने. त्याआधीची ८२ वर्षे, आपला मजहब कागदावर सोडल्याखेरीज मुसलमानाला या कायद्याखाली लग्न करता येत नव्हते. नास्तिकांसाठी म्हणून ठेवलेल्या दारातून आस्तिकाला खोटे बोलून जावे लागे.

आता हमीद दलवाई. मुस्लिम मराठी लेखकांच्या पिढ्यांनी ज्यांच्याशी वाद घातला आणि तरी ज्यांना वगळून पुढे जाता आले नाही, असे हे नाव आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी २९ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचा जन्म झाला. राष्ट्र सेवा दलात ते घडले, ‘मराठा’ दैनिकात त्यांनी काम केले. ‘लाट’ हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ ही कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, अशी मागणी होती. सात बायांचा मोर्चा! हसणारे हसले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. जोतीरावांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाचे नाव त्यांनी मुद्दाम घेतले होते.

पण एक फरक होता. जोतीराव ‘निर्मिक’ मानत होते. त्यांचे भांडण मधल्या दलालांशी होते. दलवाई त्याही पलीकडे गेलेले होते आणि ते त्यांनी लपवले नाही. त्याच वेळी आपण मुस्लिम समाजातच आहोत, त्याच्या सुखदुःखाशी बांधलेले आहोत, हेही त्यांनी सोडले नाही. समाजाला ही भूमिका समजली नाही, किंवा समजून घ्यायची नव्हती. त्यांच्या सभांना विरोध झाला, त्यांना कौमचा दुश्मन ठरवले गेले. त्यांच्या लिखाणाचा उपयोग मुसलमानांचा द्वेष करणाऱ्यांनी करून घेतला, ही तक्रारही खरी आहे. पण दलवाईंनी हिंदू जमातवादावरही तेवढीच टीका केली होती, ती करून घेणाऱ्यांनी सोयीने वगळली. ३ मे १९७७ रोजी, वय अवघे ४४ असताना, मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. कोणताही धर्मविधी करू नये, दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, इस्मत चुगताई यांचेही त्यांच्या इच्छेप्रमाणे मुंबईच्या चंदनवाडीत दहन झाले.

दलवाईंच्या दहनाची चर्चा आपल्याकडे जितकी झाली, तितकी त्या सात बायांच्या मागणीची झाली नाही. ‘तो तर मानतच नाही, त्याचे काय ऐकायचे?’ एवढे उत्तर पुरेसे वाटले. पण प्रश्न विचारणारा नास्तिक असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, मोर्चानंतर ५१ वर्षांनी. मग २०१९ मध्ये त्यावर तुरुंगवासाचा कायदा आला आणि तेव्हा आपण म्हणू लागलो की, हे बाहेरून लादले. घरातला माणूस सांगत होता तेव्हा ऐकले असते, तर बाहेरच्याला बोलायला जागा कुठे राहिली असती?

आपल्याच इतिहासात याहून मोठ्या मनाचे दाखले आहेत. दहाव्या-अकराव्या शतकात सीरियातल्या मअर्रा गावी अबुल अला अल-मआरी हा अंध कवी होऊन गेला. सगळ्याच धर्मांच्या दाव्यांवर शंका घेणाऱ्या या माणसाकडे दूरदूरचे विद्यार्थी शिकायला येत. १०४७ साली प्रवासी नासिर खुसरो त्या गावावरून गेला, तेव्हा गावात कवीचा किती मान होता हे त्याने नोंदवले. मआरी ऐंशीच्या पुढे जगला आणि आपल्या गावातच वारला. त्याच्या पुतळ्याचे मुंडके उडवले गेले ते २०१३ साली, सीरियातल्या यादवीत. हजार वर्षांपूर्वीच्या गावाला जो माणूस सोसला, तो आजच्या बंदूकधाऱ्यांना सोसवला नाही.

आता जरा अमेरिकेकडे पाहू. तिथे राज्यघटनेनेच सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई केली आहे. त्याआधी १७८६ मध्ये व्हर्जिनिया राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्यात येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची सूचना फेटाळली गेली. हे संरक्षण मुसलमान, हिंदू आणि कसलाच धर्म न मानणारा, या सर्वांसाठी होते, असे थॉमस जेफर्सन यांनी पुढे नमूद केले. आपल्याकडेही १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी सरनाम्याच्या आरंभी ईश्वराचे नाव घालण्याची सूचना मांडली. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. आज आमदाराला ईश्वराला स्मरून शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. दोन्हींचे मोल सारखेच.

कायदा असा उदार असला तरी अमेरिकी समाज उदार नव्हता. आगरकरांच्याच काळात रॉबर्ट इंगरसॉल यांच्या व्याख्यानांना तिकीट काढून हजारो लोक येत. पण निवडणुकीच्या राजकारणात त्यांची वाट त्यांच्या मतांनी बंद केली. पुढे निरीश्वर साम्यवादाची भीती पसरली, तेव्हा १९५४ मध्ये राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचे नाव आले आणि १९५६ मध्ये देवावरचा विश्वास हे राष्ट्राचे बोधवाक्य झाले. १९५८ च्या गॅलप पाहणीत नास्तिक उमेदवाराला अध्यक्षपदासाठी मत देण्याची तयारी फक्त १८ टक्के लोकांनी दाखवली. मेरीलँड राज्यात रॉय टोरकॅसो यांना देव मानतो असे लिहून देत नाही म्हणून नोटरीचे पद नाकारले गेले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. १९६३ मध्ये सरकारी शाळांतले सक्तीचे बायबलवाचन थांबले. त्या खटल्यातल्या एक वादी, मॅडलिन मरे, साऱ्या देशाच्या रोषाला पात्र झाल्या.

यापुढचा भाग आपल्यासाठी विशेष आहे. जानेवारी २००७ मध्ये कीथ एलिसन हे अमेरिकी संसदेतले पहिले मुसलमान सदस्य झाले. त्यांनी शपथेच्या समारंभात जेफर्सन यांच्या संग्रहातला कुराणाचा अनुवाद हाती धरला आणि त्यावर गहजब झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९७३ पासून संसदेत असलेले पीट स्टार्क यांनी आपण ईश्वर मानत नाही हे जाहीर केले. २०१२ च्या गॅलप पाहणीत मुसलमान उमेदवाराला मत द्यायला ५८ टक्के तयार होते, नास्तिकाला ५४ टक्के. यादीच्या तळाशी दोघे शेजारी शेजारी! श्रद्धेच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. बहुसंख्याकांच्या नजरेत मात्र दोघेही सारखेच परके.

कायद्याच्या दृष्टीनेही त्यांचे भवितव्य एकच असते. हे आपल्याकडच्या एका निकालावरून दिसते. २३ सप्टेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, राज्यघटनेच्या २५ व्या कलमातल्या सद्‌सद्‌विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मला धर्म नाही’ असे म्हणण्याचा हक्क येतो आणि सरकार कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही. हा निकाल मिळवणारे नास्तिक नव्हते. येशूवर श्रद्धा असलेली, पण ख्रिस्ती धर्माचा शिक्का नको असलेली ती माणसे होती. श्रद्धावंतांनी मागितलेला हक्क नास्तिकांनाही मिळाला. आदल्याच वर्षी त्याच न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाला न्याय दिला होता. शाळेतल्या प्रार्थनेला हात जोडत नाही म्हणून त्याची वेतनश्रेणी अडली होती. उद्या एखाद्या मुस्लिम मुलाला शाळेत न मानवणाऱ्या प्रार्थनेला हात जोडायला लावले, तर त्याला याच निकालाचा आधार घ्यावा लागेल. नास्तिकाच्या हक्काची भिंत पडली की पुढचे घर आपलेच असते.

कायदा मात्र दारापर्यंतच येतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते आणि डॉ. श्रीराम लागू यांचे जाहीर संवाद महाराष्ट्राने ऐकले होते. लागू देवाला निवृत्त करा म्हणत आणि दाभोलकर सांगत की, आमची समिती देवाच्या बाबतीत तटस्थ आहे. तटस्थ माणूसही मारला गेला. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. त्या खुनाचा निषेध आपण केला, तो योग्यच होता. पण १६ मार्च २०१७ रोजी कोईमतूरमध्ये एच. फारूक या तरुण नास्तिक कार्यकर्त्याचा खून झाला आणि त्या प्रकरणात पकडले गेलेले त्याच्याच, म्हणजे आपल्याच, समाजातले होते. त्या वेळी आपला आवाज तेवढाच मोठा होता का? सूरह बकराच्या २५६ व्या आयतीत धर्माच्या बाबतीतली सक्ती नाकारली आहे. ही आयत आपण इतरांना हौसेने ऐकवतो. ती फारूकसाठीही आहे.

वारशाचे दार अजून बंदच आहे. मुस्लिम घरात जन्मलेला, पण न मानणारा माणूस १९३७ च्या शरियत कायद्याखालीच राहतो. विशेष विवाह कायद्याने लग्न केले तरच त्याला भारतीय वारसा कायदा लागू होतो. केरळमधल्या एका महिलेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तो विचारात घेतला. त्याचा निर्णय कायद्याचे जाणकार करतील. मय्यतीचे दार मात्र कोणत्याच न्यायालयाला उघडता येत नाही. ते आपल्या हाती आहे.

२०२७ साठी जाहीर झालेल्या जनगणनेत गुरुजी पुन्हा दारात येतील. घरातला एखादा शिकलेला मुलगा म्हणेल, ‘माझा धर्म लिहू नका.’ आई रडेल, बाप चिडेल, मोहल्ल्यात कुजबुज होईल. त्याच्याशी वाद घालावा, रात्र-रात्र घालावा. आपल्या इमानावर भरवसा असेल तर वादाला भिण्याचे कारण नाही. पण जेवणाच्या दस्तरख्वानावरची त्याची जागा तशीच राहावी आणि आपल्या मय्यतीचे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.